चेहऱ्यावरच्या रेघा

सत्तरच्या दशकात मी नागपूरच्या एका शाळेत चित्रकला शिकवायची आणि उरलेल्या वेळात मुलांच्या एका मासिकासाठी चित्रं काढायची. मासिकाचं कार्यालय सीताबर्डीवर, कापडाच्या दुकानाच्या माडीवर होतं. कधीकाळी गाजलेली एक चित्रकथा नव्या मुलांसाठी पुन्हा सुरू करायचं संपादकांनी ठरवलं. तीन मुलं होडीतून जंगलात जातात आणि डाकूंनी लुटलेला खजिना परत आणतात, अशी ती कथा.

"गोष्ट तीच ठेवा, चित्रं तेवढी ताजी करा," ते म्हणाले.

मी तसंच केलं. मुलं गोरी, धारदार नाकाची. डाकू काळे, कुरळ्या केसांचे. जुन्या चित्रकारानं तसे काढले होते, म्हणून मीही काढले. त्यावर क्षणभरही विचार केला नाही, याची आज लाज वाटते.

दुसरा अंक आला आणि मधल्या सुट्टीत पोरं तीच कथा खेळू लागली. एक दिवस सहावीतली एक मुलगी खेळ सोडून माझ्या वर्गात येऊन बसली. खापा गावच्या विणकराच्या घरची, शिकायला मावशीकडे राहणारी.

"काय वं, खेळत नाहीस?"

"मले रोज डाकूच बनवतेत, बाई."

"काहून?"

"म्हणतेत, चित्रातले डाकू काळेच राहतेत. अन् चित्रं तं तुम्हीच काढता."

ती रडत नव्हती, चिडलीही नव्हती. जे होतं ते सांगत होती. तिच्या गावची नदी आठवून मी विचारलं, "कन्हानमध्ये कधी होडीत बसलीस?"

"मामाची हाये. मले वल्हं मारता येते."

तिसऱ्या भागात मी त्या तीन मुलांची होडी भोवऱ्यात अडकवली आणि काठावरून उडी घेऊन एक काळीसावळी मुलगी होडीत आली. वल्हं तिनं हातात घेतलं. पुढे कळतं की डाकू कोणी नाहीतच. सागवान तोडून नेणारा ठेकेदार आहे, आणि चोरीचा आळ मात्र जंगलातल्या माणसांवर. शाईच्या चित्रात गोरा चेहरा म्हणजे कोरा कागद. काळ्या चेहऱ्याला बारीक रेघा माराव्या लागतात. तिच्या गालांवरची एकेक रेघ मी मन लावून ओढली.

चित्रं पाहून संपादकांनी कपाळाला आठ्या घातल्या. "मॅडम, या रेघा काढून टाका. छपाईत चेहरा लडबडतो."

"डाकूंच्या चेहऱ्यावरच्या रेघा तर स्वच्छ उठत होत्या."

तो भाग तसाच छापला गेला. पण चौथा अंक हातात आला तेव्हा माझी होडीतली मुलगी त्यात गोरीपान झाली होती. कुणीतरी माझ्या चित्रावर पांढरा रंग फिरवला होता. शाळा सुटल्यावर मी तडक सीताबर्डीला गेले.

"पालकांची पत्रं आली," संपादक म्हणाले. "मुलांच्या गोष्टीत राजकारण नको म्हणतात."

"काळा तो डाकू, हे इतकी वर्षं छापलं, तेव्हा ते काय होतं?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "तुमचं चुकतं असं मी म्हणत नाही. पण मासिक मला चालवायचं आहे."

"मग माझ्याशिवाय चालवा. माझी चित्रं परत द्या."

त्यांनी दिली. घरी येऊन मी ब्लेडनं पांढरा रंग खरवडायला बसले तर कागदच फाटला. मग ते पान पुन्हा काढलं. नंतरच्या अंकात दुसऱ्या चित्रकारानं तिला होडीत मागे बसवलं आणि हातात वल्ह्याऐवजी जेवणाचा डबा दिला.

उरलेली कथा मी शाळेत पूर्ण केली. दर शनिवारी खाकी कागदाचा एक मोठा ताव रंगवून वर्गाच्या भिंतीवर लावायचा. मधल्या सुट्टीत आता खाप्याची पोरगी होडीची कप्तान असे. ठेकेदार व्हायला कोणी तयार होईना, तेव्हा तिनं मैदानातल्या कडुलिंबालाच ठेकेदार केलं आणि सगळ्यांना वल्ही वाटली.

एका सोमवारी मुख्याध्यापक वर्गात आले. बराच वेळ तावांकडे पाहत राहिले.

"बाई, हा ठेकेदार आपल्या शाळा समितीतल्या कुणासारखा तरी दिसून राहिला."

"तसं त्यांना वाटलं तर त्यांनी विचार करावा, सर."

"उतरवून टाका हे."

मुलं माना वर करून आमच्याकडे बघत होती. मी हात पाठीमागे बांधले.

"तुम्ही उतरवा. मी नाही उतरवणार."

ते एका तावापाशी गेले. कोपऱ्यातल्या टाचणीला बोट लावलं. मग वर्गाकडे एकदा पाहिलं आणि निघून गेले. वार्षिक परीक्षा होईपर्यंत कथा भिंतीवर होती. पुढच्या वर्षी चित्रकलेचे तास काढून मला शिवण शिकवायला दिलं. त्या तासालाही मी पोरींना कापडावर आधी चित्र काढायला लावलं, आणि कुणी विचारलं तर सांगितलं, भरतकामाचा नमुना आहे.