आत्याने न बदललेला शब्द

माझी आत्या औषधांच्या कारखान्यात टायपिस्ट होती. बाई कुणाच्या अध्यात ना मध्यात, असं लोक म्हणायचे. लोकांना ती कळलीच नव्हती. इंग्रजीवर तिचा भारी जीव. मला शिकवताना सांगायची, "विचारण्यातही फरक असतो गं. आस्क म्हणजे साधं विचारणं, किती वाजले तसं. इन्क्वायर म्हणजे खिडकीवर जाऊन अदबीने चौकशी. क्वेश्चन केलं की समजावं, आपल्यावर संशय आहे. आणि इंटरॉगेट म्हणजे उत्तर मिळेपर्यंत पिच्छा सोडायचा नाही."

एकदा गोळ्यांचं एक खोकं हरवलं. मॅनेजरने पॅकिंगमधल्या एका बाईला खोलीत बोलावलं, दार लावलं आणि तीन तास उभं ठेवून तेच ते विचारलं. पाणीसुद्धा दिलं नाही. शेवटी "मीच नेलं" असं लिहून तिने सही केली. जबाब टिपून घ्यायला आत्या कोपऱ्यात बसली होती. आपण मिठाची गुळणी धरून बसलो, या लाजेने तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी अहवालात तिने 'इंटरॉगेट' टाइप केलं, वर तीन तासही घातले. मॅनेजर भडकला. "तिथे 'आस्क' करा. एका शब्दाने काय बिघडतं?"

"बिघडत नसेल तर राहू द्या की."

"निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत ना, बाई?"

"एक वर्ष आठ महिने."

त्याने दुसऱ्याकडून अहवाल टाइप करून घेतला. पण जबाब टिपणाऱ्याची सही लागायची, आणि आत्या सही करेना. सहीशिवाय त्या बाईला नोकरीवरून काढता येईना. शेवटी मोठ्या साहेबांनी आत्याला बोलावलं. "एवढा जड शब्द कशाला?"

"साहेब, तुम्ही मला खुर्ची दिलीत. दार उघडं आहे. नाही म्हणायची सोय आहे. हे झालं आस्क. तिच्या वाट्याला काय आलं, ते तिलाच विचारा. बसवून विचारा."

साहेबांनी विचारलं. कबुली रद्द झाली आणि बाई सोमवारी पॅकिंगच्या टेबलाशी हजर झाली. आत्याची मात्र तळघरात, जुन्या फायलींत बदली झाली.

ती बाई जिना उतरून रडत आली. "माझ्यामुळे तुम्हाला भोगावं लागलं."

"तुझ्यामुळे कसलं? तू तीन तास उभी होतीस आणि मी बसून होते," आत्या म्हणाली. "त्या मानाने स्वस्तात सुटले."