आधी सांगायचं, मग करायचं

पंखा बंद करण्याआधी इंगळे मॅडम सांगायच्या, "आता पंखा बंद होणार." जरा थांबायच्या आणि मगच बटण दाबायच्या. दार उघडायचं असो, डबा काढायचा असो, खुर्चीवरून उठायचं असो, सांगितल्यावाचून काही नाही. पहिल्या दिवशी मला वाटलं, बाईचं डोकं ठिकाणावर नाही, आणि हिच्या ताब्यात मी माझी पोर द्यायची? पण स्वमग्न मुलांसाठी दुसरी शाळा आमच्या माहितीत नव्हती. बुलडाण्यात एका दुकानाच्या माडीवर दोन खोल्या, तीच शाळा. दिली, झालं.

माझी समीक्षा तेव्हा सहा वर्षांची होती. बोलत नव्हती. रोजची वाट बदलली, घरातली वस्तू हलली, की किंचाळायची, स्वतःचा हात चावायची. देऊळघाटात आमची भाजीपाल्याची शेती. घरात माणसं पुष्कळ आणि सल्ले त्याहून पुष्कळ. सासूबाईंनी तिला शेगावला नेलं, तर दर्शनाच्या रांगेत तिनं असा आकांत मांडला की मागची माणसं आम्हालाच बोलायला लागली. तिला काय होतं हे मला सगळ्यात आधी मॅडमनी सांगितलं. "पुढं काय होनार, हे तिले समजत नाई, म्हणून ते भेते. तुम्ही-आम्ही अंदाज करतो. तिले सांगा लागते."

एकदा आमच्या यांनी तिला शाळेत सोडलं, "दोन मिनिटांत येतो" म्हणाले आणि निघाले. मॅडमनी जिन्यातच अडवलं.

"कुठं चालले?"

"बाजारात. भाजी उतरवाची हाय."

"मंग तिले तसं सांगा. बाबा बाजारात चालले, जेवण झाल्यावर येतीन, असं."

"लेकरू आहे मॅडम. थोडं फुसलवा लागते."

"बाकीचे लेकरं फुसलावणं पचवतात. इले जे सांगसान ते झालंच पाहिजे. एकदा खोटं निघालं तं तुमचा शब्द तिच्यासाठी मेला समजा."

हे वर गेले आणि सांगून आले. सगळ्या गावाशी वाद घालणारा माणूस, पण मॅडमपुढे आवाज निघायचा नाही.

ज्या प्रवासी जीपनं आम्ही रोज शाळेत यायचो, तिच्या जीपवाल्यालाही त्यांनी सोडलं नाही. देऊळघाटचा रस्ता खोदलेला, म्हणून एक दिवस त्यानं गाडी भलत्याच वाटेनं घातली. समीक्षानं शेजारच्या बाईचे केस धरले ते शाळेपर्यंत सोडले नाहीत. मॅडम खाली येऊन त्याला म्हणाल्या, "रस्ता बदलाचा होता तं आधी सांगितलं काऊन नाई?" तो म्हणाला, "मलेच कुठं माहीत होतं मॅडम?" "मंग गाडी थांबवाची. सांगाचं. मंग जाचं." त्या दिवसापासून जीपमधली माणसं चेष्टेनं एकमेकांना सांगायची, "आता खड्डा येणार." खड्डा यायचाच. समीक्षा शांत बसायची. आणि एका सकाळी थांबा आला तेव्हा तीच म्हणाली, "आता उतरायचं." अगदी स्पष्ट. मी भर रस्त्यात रडले. जीपवाला हॉर्न वाजवायचा विसरला.

मग ती बोलू लागली. फार नाही, पण "आता जेवायचं", "आता झोपायचं" एवढं बोलायची, आणि तेवढ्यावर आमचं घर चालायचं. हात चावणं थांबलं. मला वाटलं, सुटलो आता.

पुढं मॅडमना पोटाचा आजार निघाला. संभाजीनगरला दाखवलं तेव्हा फार उशीर झालेला होता. त्यांना मरणाची नाही, मुलांना न सांगता जाण्याची धास्ती होती. शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या सचिवांकडे त्या गेल्या. सचिव म्हणाले, "तुमच्या जागी बाई पाहून ठेवली आहे, मॅडम." त्यांनी पुन्हा विचारलं, सचिवांनी पुन्हा सांगितलं. मगच त्या मुलांपुढं बसल्या. रोज स्वतःचा फोटो हातात धरून सांगायच्या, "इंगळे मॅडम बिमार हायत. इंगळे मॅडम येणार नाईत. दुसऱ्या मॅडम येतीन." मुलं ऐकायची. समीक्षा घरी येऊन भिंतीला सांगायची, "दुसऱ्या मॅडम येतीन."

मॅडमचं येणं थांबलं, पण त्यांच्या जागी कुणी आलं नाही. हे शिक्षण घेतलेली बाई बुलडाण्याला यायला तयार होईना, असं कळलं. सचिवांनी फोन उचलणं सोडलं. समीक्षा रोज माडीवर जाऊन दाराकडे बघत बसायची. एका सोमवारी गेलो तर खोल्यांना कुलूप.

मी मॅडमना भेटायला गेले. अंथरुणाला खिळल्या होत्या, ओळखू येत नव्हत्या. पहिलाच प्रश्न, "आल्या का त्या मॅडम?"

मॅडमपुढं खोटं कसं बोलायचं? "नाही आल्या," म्हटलं. "शाळा बंद झाली."

त्या म्हणाल्या, "मंग मी लेकरायले खोटं सांगितलं." मी म्हटलं, तुमचा काय दोष, सचिवांनीच... त्यांनी मान भिंतीकडे वळवली. त्याच आठवड्यात गेल्या.

समीक्षा आता बारा वर्षांची आहे. बोलणं संपलं. हातावर पुन्हा चावल्याचे वण आहेत. सकाळी तिची वेणी घालायला बसले की मी आधी सांगते, "समी, आता वेणी घालायची." मी तोंड उघडताच ती दोन्ही हातांनी कान दाबून धरते.