चौमासातली गोळी

भाद्रपदातला पहिला मंगळवार, सकाळी साडेअकरा, सरकारी दवाखाना. हजर: डॉक्टर, समुपदेशक, संगणकावर नोंदी करणारा, मी, आणि बोरगावकडून मी स्वतः घेऊन आलेली एक बाई.

एचआयव्हीच्या गोळ्या मध्येच सोडणाऱ्यांच्या घरी जाऊन त्यांना परत आणणं, हे माझं काम. या बाईचा रिपोर्ट वैशाखात आला आणि त्याच दिवशी तिच्या हातात गोळ्या पडल्या. धोरण चांगलंच आहे. पूर्वी रक्तातल्या रोगाशी लढणाऱ्या पेशी ठरावीक आकड्याखाली उतरेपर्यंत गोळ्या न देता ताटकळत ठेवायचे; त्या वाट बघण्यात माझ्या वहीतल्या कितीतरी नावांवर रेघ मारावी लागली. पण आता त्याच दिवशी बाटली दिली की आमच्याकडे सगळे कृतकृत्य होतात. भिंतीवर तक्ता लागतो. गोळी पोटात गेली का, याला तक्त्यात रकाना नाही.

डॉक्टरांनी नेहमीचं सुरू केलं. सरकार फुकट देतंय, तुम्हाला किंमत नाही, वगैरे. समुपदेशकाने मान डोलावली. तेवढं काम तो मन लावून करतो. नोंदवाल्याने तोवर ‘बेफिकीर’ असा शेरा टाकूनही टाकला. बाई खोकत होती. दोन महिन्यांत निम्मी झाली होती.

मी विचारलं, “आषाढापासनं गोळी का बंद केलीस गं?”

“चौमास लागला की, आक्का. दिवस बुडायच्या आत जेवतो आमी. मग सकाळपातूर पानी बी न्हाय.”

“मग?”

“हितल्या लोकांनी रातचं झोपताना घ्या म्हणलंतं. पान्याबिगर गिळू कशी?”

“दिवसा घ्यायची,” डॉक्टर म्हणाले. “कधीही चालते. रोज एकाच वेळेला घेतली म्हणजे झालं.”

“आदी सांगायचं न्हाय व्हय? तुमी कागद भरत बसलासा. मला वाटलं, दिवसा घेतली तर बाधंल.”

चातुर्मासात जैन घरं किती वाजता जेवतात, हे निपाणीच्या बसच्या कंडक्टरलाही ठाऊक असतं. आम्हा चौघा शिकलेल्यांना नव्हतं. ‘रात्री झोपताना’ हे मीही वर्षानुवर्षं पोपटासारखं सांगत आले.

खोकल्याची तपासणी लिहून झाली. सकाळच्या न्याहारीनंतरची वेळ ठरली. त्या दिवशीची गोळी बाईने आमच्यासमोरच घेतली. शेरा खोडायला मी नोंदवाल्याच्या खुर्चीमागे उभी राहिले, तेव्हा कुठे त्याने खोडला.

आषाढापासून न आलेली बोरगावच्याच पट्ट्यातली आणखी पाच नावं माझ्या वहीत आहेत. ती माणसं किती वाजता जेवतात, हे विचारायला जायचं अजून राहिलं आहे.