कॅसेटच्या सुरुवातीचा आवाज

त्या यंत्राचं पोट उघडलं तेव्हा आधी वास आला. झुरळांचा. वर्षानुवर्षं बंद राहिलेली कपाटं ज्यांनी उघडली आहेत त्यांना तो सांगावा लागत नाही. गोडसर, तेलकट, घशाच्या मागे जाऊन बसणारा. कळफलकाच्या खाली झुरळांच्या अंड्यांच्या तपकिरी डब्या चिकटल्या होत्या, विष्ठेचे काळे दाणे पसरले होते, आणि एका कोपऱ्यात पालीचं पिल्लू वाळून कागद झालं होतं. पेणला रामवाडीतल्या माझ्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून, मी हे सगळं ब्रशने झाडत होतो. बायको नाकाला ओढणी लावून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

मला किळस लवकर येते. आजवर मी तिला स्वच्छतेची आवड म्हणत आलो.

यंत्र माझ्या मित्राचं होतं. आम्ही रोह्याला एका आळीत वाढलो. त्याचे वडील आखातात नोकरीला होते. एका सुट्टीत त्यांनी तो घरगुती कॉम्प्युटर आणला: टीव्हीला जोडायचा, सगळं यंत्र कळफलकाच्या आतच. प्रत्येक बटणावर इंग्रजी अक्षराच्या शेजारी अरबी अक्षर. त्याच्या आईला, मी तिला चाची म्हणायचो, इंग्रजीचा गंध नव्हता. पण ती कुराण वाचायची, त्यामुळे अर्धा कळफलक घरात एकट्या तिलाच वाचता यायचा. भाकरी थापता थापता ती पिठाच्या हाताने लांबून एखाद्या अरबी अक्षराकडे बोट दाखवायची, "ह्या जीमवर कुठला सूर ठेवलास रे?"

सूर, कारण मित्राने त्या यंत्राची बाजाची पेटी केली होती. बटण दाबलं की टीव्हीतून सूर निघेल असा प्रोग्राम त्याने स्वतः लिहिला. पुढे तो आकड्यांनी चाली लिहायला लागला: एक आकडा सुराचा, एक त्याच्या लांबीचा, अशा ओळीच्या ओळी. यंत्र त्या वाचायचं आणि वाजवायचं. तिसरी चाल सगळ्यांत लांब होती. तिच्या मध्ये यंत्र पुढची ओळ वाचायला क्षणभर अडायचं, आणि घरातले सगळे श्वास धरायचे.

त्या काळी प्रोग्राम साठवायचा तो साध्या कॅसेटवर, आवाजाच्या रूपात. कॅसेट लावून ऐकलं तर आधी एक लांब शिट्टी आणि मग घसा बसलेल्या कावळ्यासारखी खरखर. यंत्राला त्यातला अर्थ कळायचा. भरायचं असेल तेव्हा टेपरेकॉर्डरची दोन बटणं एकदम दाबायची, परत यंत्रात घ्यायचं असेल तेव्हा एकच. तो टाईप करायचा आणि मी दोन बोटांनी दोन बटणं दाबायचो. त्याच्या साऱ्या संगीतातली माझी कामगिरी एवढीच. पुढची तीस वर्षं मी ती "आम्ही दोघांनी पेटी केली" अशी सांगितली, तेही इथेच लिहून टाकतो.

नव्या कॅसेटी मिळायच्या नाहीत. पण घरात कॅसेटी होत्या. आखातात माणूस असलेल्या घरांमध्ये पत्रं फारशी लिहीत नसत. बाप तिकडून कॅसेट भरून पाठवायचा, ती सगळं घर गोल बसून ऐकायचं. मित्राने त्यातल्याच एका कॅसेटवर आपला प्रोग्राम भरला. चाचीने संध्याकाळी नवऱ्याचा आवाज ऐकायला म्हणून ती लावली, आणि कावळा ओरडायला लागला. तिने त्याला अशी थोबाडीत दिली की माझाही गाल हुळहुळला.

"बापाचा आवाज पुसलास, मेल्या? आता तुझा तरी ठेव. आधी बोलायचं, मग ती तुझी कावकाव भरायची. समजलं?"

तेव्हापासून तो प्रत्येक प्रोग्रामच्या आधी बोलायचा. "मा, ही तिसरी चाल. नीट ऐक." नाकातून येणारा, नुकता फुटलेला आवाज. मग शिट्टी. मग खरखर.

मोठा झाल्यावर तोही आखातात गेला, आणि दोन वर्षांपूर्वी तिथेच वारला. दफनही तिथेच झालं. चाचीला त्याचं तोंड दिसलं नाही. मी भेटायला गेलो तेव्हा तिने पलंगाखालून ते यंत्र आणि एक कॅसेट काढून माझ्या मांडीवर ठेवली.

"बाला, तू कंपनीत मशिनी बघतोस ना? ह्याच्यातनं त्याची चाल काढून दे. आणि आधी तो बोलतो ना माझ्याशी, तेवढं ऐकव. बाकी मला कायपण नको."

मी कंपनीत उपकरणांचा माणूस आहे. नव्या पोरांना पहिल्याच दिवशी बजावतो, मूळ नमुन्याला हात लावायचा नाही. आधी नक्कल करायची, मग काय ते प्रयोग नकलेवर. ही अक्कल माझ्या घरी लागू नव्हती.

यंत्र साफ करून सुरू केलं. सुरू झालं, हे एक आश्चर्यच. जुना टेपरेकॉर्डर मिळवला होता, त्यातून ऐकण्यापुरती एक वायर यंत्राला जोडली. कॅसेटच्या कडेला पांढरी बुरशी आली होती. ती पुसताना बोटाला बुळबुळीत लागलं. तसाच हात अंगापासून लांब धरून मी कॅसेट आत सरकवली आणि बटण दाबलं. बायकोशी काहीतरी बोललो. तिनेही उत्तर दिलं. आणि मग लक्षात आलं की आवाज येत नाही, आणि माझी दोन बोटं दोन बटणांवर आहेत.

बोटांना तेवढंच येत होतं.

बंद करून, मागे नेऊन ऐकलं. "मा, ही तिसरी चाल" नव्हतं. लांब शिट्टीसुद्धा नव्हती. ती पुसली गेली की पुढचा प्रोग्राम यंत्र ओळखत नाही. तिथे माझा आवाज होता. रेकॉर्डरचा स्वतःचा माईक उघडा होता, त्याने माझ्या जेवणाच्या टेबलावरचं बोलणं इमानाने भरून घेतलं होतं. काय भरलं होतं, ते लिहवेना म्हणून हा मजकूर इतके महिने अडून होता. लिहितो.

"शी! काय घाण आहे ही. या लोकांना एक वस्तू धड ठेवता येत नाही."

मग बायकोचा आवाज, "मग कशाला आणलंत घरात? बाल्कनीत ठेवा ते."

मग खट्ट. मग कावळा.

या लोकांना. ज्या घरात मी लहानपणी आठवड्यातून चार वेळा जेवलो, जिथे माझ्यासाठी वेगळी अंड्याची पोळी व्हायची, त्या घराबद्दल. कुणी शिकवलं नव्हतं, कुणी उचकवलं नव्हतं. रागही नव्हता. हात बरबटला आणि ते वाक्य तोंडात तयारच होतं, जसं पोट ढवळल्यावर तोंडात पाणी येतं. झुरळांची अंडी मी ब्रशने झाडली होती. ही कुठे झाडायची?

खरं सांगायचं तर त्या क्षणी मला एवढं काही वाटलं नाही. वाटली ती फक्त भीती, चाचीला काय सांगू याची. धीर धरला असता तर पुढचा भाग कुणा जाणकाराकडून निघालाही असता. मी धरला नाही. तिसऱ्या चालीची सुरुवात मला आठवत होती. पुढचं मी रचलं. त्याच यंत्रावर, त्याच्यासारख्या आकड्यांच्या ओळी लिहून, तो इथे खाली आला असता, इथे वर गेला असता, असं करत. रविवारची दुपार गेली. बायकोने जेवायला हाक मारली तर मी "थांब गं, रंगात आलोय" म्हणालो. मेलेल्या मित्राच्या नावावर खोटी चाल बनवताना मला मजा येत होती. आजही सगळ्यांत जास्त मळमळतं ते याच्यानं.

मोबाईलवर व्हिडिओ काढला. जुन्या यंत्रांच्या शौकिनांचा एक ग्रुप आहे, तिथेही टाकला: "माझ्या दिवंगत मित्राची रचना, अनेक वर्षांनी पुन्हा जिवंत." हात जोडलेले आले, रडके चेहरे आले, "सर, तुमच्या मैत्रीला सलाम" आलं. कंपनीच्या बसमध्ये बसून मी प्रत्येकाला उत्तर दिलं.

रोह्याला जाऊन चाचीला ऐकवलं. तिने फोन कानाला लावला, जसा बोलायला लावतात तसा. डोळे मिटले. त्याची धाकटी बहीण, तिथेच माहेरी राहते, ती भिंतीला टेकून तोंडावर हात धरून ऐकत होती.

संपल्यावर चाची म्हणाली, "मध्येच अडायची ना रे ही?"

"तो दोष होता, चाची. मी काढला."

"व्हय? बरा केलास." आणि मग, "तो बोलतो तेवढं?"

"तेवढा भाग बुरशीने गेला."

ती फोनवरून बोट फिरवत राहिली, पुसल्यासारखं. निघताना मला बोंबलाची चटणी बांधून दिली. मी ती घरी आणून खाल्ली, तीही चवीने.

पुढच्या वेळी गेलो तर बहिणीचा फोन वाजला आणि माझी चाल ऐकू आली. तिच्या मुलीने रिंगटोन करून दिली होती. चाची अंगणातून ओरडली, "गो, भाईचा फोन वाजतोय, उचल!" भाईचा फोन. त्या घरात आता सिलिंडरवाल्याचा फोन आला तरी भाईच वाजत होता.

मग बहिणीने कॅसेट परत मागितली. "दादा, पनवेलला एक जण हाय, बुरशीवाल्या टेपा साफ करतो. नायच निघालं तर नाय. माचा जीव त्या बोलण्यात अडकलाय." मी म्हटलं, देतो. मग शिफ्ट बदलली म्हटलं. मग ऑडिट आहे म्हटलं. मग गणपतीच्या मूर्तींचे टेम्पो निघालेत, पेणमधून बाहेर पडता येत नाही म्हटलं. पेणचा माणूस हे कारण सांगतो तेव्हा कुणी शंका घेत नाही.

एकदा कॅसेट पुन्हा रेकॉर्डरमध्ये घातली. दोन बोटं, दोन बटणं, क्षणभर पुरलं असतं. माझं वाक्य गेलं असतं, नुसती शांतता राहिली असती. दाबलं नाही. इथे माझं कौतुक करण्यासारखं काही नाही. पुसलेलं कळतं, त्या पनवेलच्या माणसाला नक्की कळलं असतं, एवढाच हिशोब होता. त्याच हिशोबाने शेवटी रोह्याला गेलो. दुसऱ्याने ऐकवण्यापेक्षा आपण.

कॅसेट आणि रेकॉर्डर दोन्ही घेऊन गेलो. चाची पलंगावर, बहीण शेजारी. मी आधी सांगितलं: चाल माझी आहे, त्याची नाही. आवाज बुरशीने गेला नाही, माझ्या हाताने पुसला गेला.

बहीण म्हणाली, "म्हणजे तू त्याच्या तोंडात घातलास? तुझा सूर?" फोन हातात होता तो तिने उलटा करून ठेवला. "आणि आम्ही रडत बसलो त्याच्यावर. या अल्ला."

चाची म्हणाली, "पुसला तर पुसला. तिथं आता काय हाय?"

"काही नाही, चाची. नुसतं..."

"लाव."

"चाची, नको."

"लाव म्हटला ना."

एक बटण दाबलं. या वेळी एकच. माझ्या घराचा पंखा ऐकू आला, आणि मग मी. आवाज इतका स्वच्छ होता की शेजारच्या खोलीतून बोलल्यासारखा वाटला. या लोकांना एक वस्तू धड ठेवता येत नाही. बायको. खट्ट. आणि मग त्याची खरखर सुरू झाली, तिसऱ्या चालीची, खरी, जिच्यातला एकही सूर आता आम्हाला कुणाला वाचता येत नव्हता. ती संपेपर्यंत कुणी बंद केली नाही. चाची मान थोडी वाकडी करून ऐकत होती, शेवटपर्यंत.

मी जमिनीकडे बघत होतो. फरशी लख्ख होती. त्या घराची फरशी कायमच लख्ख असते.

बापाचा आवाज पुसला म्हणून तिने त्याला मारलं होतं, शिव्या दिल्या होत्या, आणि मग बोलायलाही लावलं होतं. मी गाल पुढे करून बसलो होतो म्हटलं तरी चालेल. तिने कॅसेट काढून घेतली, पदराने पुसली आणि बहिणीच्या हातात दिली. माझ्याकडे पाहिलंही नाही असं नाही. नीट पाहिलं, ओळख नसलेल्या माणसाकडे पाहतात तसं.

"पाहुण्यांना चहा दे गो," ती म्हणाली. "त्यांना पेणला जायचाय."