कपाटावरचा केस

आमच्या मामांनी आयुष्यभर मालट्रकच्या बॅटऱ्या दुरुस्त केल्या. ॲसिडने त्यांच्या शर्टांना भोकं पाडली आणि गिऱ्हाइकांनी मनाला. त्यामुळे मामांचा कुणावरच विश्वास नाही. दूधवाल्यावर नाही, डॉक्टरवर नाही, सुनेवर तर नाहीच नाही.

मामीला सतत ऑक्सिजनचं मशीन लागतं. वीज गेली तरी ते चालावं म्हणून सुनेने लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी आणली. मध्यंतरी मामी इस्पितळात होती, तेव्हा सुनेने ती अर्धीच भरून, तारा काढून ठेवली.

"बाबा, नुसती पडून राहणार असेल तर ही अर्धीच बरी असते," ती म्हणाली.

झालं! 'बॅटरी ठेवायची तर पूर्ण भरून' असं जन्मभर लोकांना बजावणाऱ्या माणसाला हे सांगणं! उरलेली अर्धी गेली कुठे, या प्रश्नाने मामांच्या डोक्यात घर केलं. सुनेची स्कूटरही विजेवर चालायची ना!

मामी घरी आली. मामा सकाळी बॅटरीला मीटर लावत. तेराच्या वर व्होल्ट दिसले की 'भरली' म्हणून चार्जर बंद. जास्त भरली तर उकळते, हा जुना धडा. संध्याकाळी बघावं तर चार्जर पुन्हा चालू! मग मामांनी बॅटरीच्या कपाटाच्या फटीवर थुंकी लावून एक केस चिकटवला. दुपारी केस खाली पडलेला. मामांनी तडक आतला चार्जर बंद करून कपाटाला कुलूप ठोकलं आणि किल्ली खिशात घातली.

"बाबा, अहो, आकड्यावर जाऊ नका. बरीचशी रिकामी झाली तरी ही जवळजवळ तेवढाच आकडा दाखवते," सून कळवळून म्हणाली.

"मला बॅटरी शिकवतेस?"

त्या आठवड्यात वीज सारखी जात-येत होती. रविवारी जेवणं चालू असताना ती गेली ती गेलीच. मशीन बॅटरीवर सुरू झालं. मामांनी कपाट उघडून मीटर लावला आणि मोठ्या ऐटीत सगळ्यांना दाखवला: तेरा. आमचे हात धुऊन होतात न होतात तोच मशीन किंचाळलं आणि बंद पडलं. मामीचे ओठ काळेनिळे व्हायला लागले. मामा मीटर हातात धरून तसेच उभे.

सून धावत आपल्या खोलीत गेली आणि पलंगाखालून ऑक्सिजनचा सिलिंडर ओढत घेऊन आली. तिने नळी जोडली. हळूहळू मामीच्या चेहऱ्यावर रंग परतला.

"हा कधी आणलास?" मामांनी विचारलं. तिथेही संशय!

"तुम्ही कुलूप लावलंत त्याच दिवशी. मला तुमचाच भरवसा नव्हता, बाबा."

मामा मटकन खाली बसले आणि लहान पोरासारखे रडले. माणूस वाईट नाही हो. किल्ली त्यांनी स्वतःच खिशातून काढून तिच्यापुढे धरली.

आता कपाटाला कुलूप नाही. फटीवर केस मात्र अजूनही असतो, लांब आणि पांढरा. तो मामी रोज सकाळी लावते, मामांवर लक्ष ठेवायला.