उपवास, साखरेची गोळी आणि सुरगाण्याचा रस्ता

दुचाकीवरून कामाला येणाऱ्यांसाठी आमच्या ऑफिसात प्रथमोपचाराचं एक दिवसाचं शिबिर झालं. तेव्हापासून माझं मन थाऱ्यावर नव्हतं. त्याच आठवड्यात मी पेटी भरली: निर्जंतुक गॉझ, रुंद क्रेप बँडेज, चिकटपट्टी, हातमोजे, बोथट टोकाची कात्री, जंतुनाशक आणि हात गळ्यात बांधायला उपरण्याएवढं त्रिकोणी कापड. बहुतेक सामान साध्या मेडिकलमध्ये मिळतं आणि सगळं मिळून एका टाकीच्या पेट्रोलपेक्षा स्वस्त पडतं. पेटी तयार झाली, पण मला घरात बसवेना. मग ओझरला राहणाऱ्या अण्णांना फोन केला. अण्णा म्हणजे माझे साडू, वयाने थोरले, तिथल्या विमान कारखान्यातून गेल्याच वर्षी निवृत्त झालेले. पेठमार्गे सुरगाणा, हातगड आणि वणी-दिंडोरीने परत, असं ठरलं. रविवार होता आणि नेमकी संकष्टी आली होती.

सकाळी पेठ नाक्यावर भेटलो. थंडी चांगलीच होती. रामशेजचा किल्ला मागे पडला की गर्दी विरळ होते आणि रस्ता डोंगरात शिरतो. घाटात ट्रक भरपूर असतात, तेव्हा वळणावर ओव्हरटेकची घाई नको. मी पुढे, अण्णा मागे. माझी नजर मात्र रस्त्यापेक्षा आरशातच जास्त. दोनदा थांबून पेटीचा पट्टा तपासला, तेव्हा अण्णा म्हणाले, "प्रकाश, तू फिरायला आलायस का माझी पट्टी बांधायला?"

करंजाळीला टपरीवर मी साबुदाण्याची खिचडी खाल्ली. गरम होती आणि दाण्याचं कूट सढळ हाताने घातलेलं. अण्णांनी नुसतं पाणी घेतलं. त्यांच्या लेकीला, सुनीताला, नववा महिना लागला होता. पहिल्या वेळी तिचं अर्ध्यातच गेलं होतं. या खेपेला सगळं नीट पार पडावं म्हणून अण्णांनी दर संकष्टीला चंद्रोदयापर्यंत पाण्यावर राहायचं ठरवलं होतं. मीही घरी रोज अथर्वशीर्ष म्हणणारा माणूस, त्यामुळे आग्रह केला नाही. उलट मनातून त्यांना हात जोडले.

पेठ सोडल्यावर सुरगाण्याचा रस्ता अरुंद होतो. डांबर कुठे आहे, कुठे नाही. पण दोन्ही बाजूंना उतरत गेलेली खाचरं, नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, वाळलेल्या काडाचे ढीग आणि अधूनमधून हिरव्यागार स्ट्रॉबेरीचे तुकडे. थांबून बघावंसं वाटत होतं, तरी हात ॲक्सिलरेटर सोडेना. का कोण जाणे, पोचायची घाई झाली होती.

सुरगाण्याच्या अलीकडे एका उतरत्या वळणानंतर आरशात अण्णा दिसले नाहीत. मी गाडी वळवली. ते वळणाबाहेरच्या मातीत आडवे होते आणि गाडी शेजारी पडलेली. वेग कमी होता, हे नशीब. जवळच्या चहाच्या टपरीवरून दोघं जण धावत आले आणि एकाने सरळ हेल्मेट ओढायलाच घेतलं. मी त्याचा हात धरला. मान दुखते का, हातापायाची बोटं हलतात का, विचारलं. मान ठीक होती, बोटंही हलत होती. मग पट्टा अण्णांनी स्वतःच सोडला. वाचणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवा: पडलेल्या माणसाचं हेल्मेट कुणाला ओढू देऊ नका. वळणावर मागच्यांना दिसेल अशी फांदी टाका.

त्यांचं कोपर खरचटलं होतं. मी पाण्याने धुतलं, गॉझ ठेवून बँडेज बांधलं. अगदी शिकवल्यासारखं जमलं. खरं सांगायचं तर क्षणभर मला बरंही वाटलं.

पण अण्णांचा हात थरथरतच होता. एवढ्या गार वाऱ्यात कपाळावर घाम. काही विचारलं की उत्तर उशिरा येई, तेही तुटक. पेटीतल्या कशाचाच त्यावर उपयोग नव्हता. तेव्हा मला त्यांची शुगर आठवली.

"अण्णा, सकाळी गोळी घेतली?"

"घेतली की. औषधाला उपवास नसतो."

"आणि पोटात?"

"पाणी हाय ना."

आपल्याकडे घरोघरी हेच चालतं. औषध उपवासाला चालतं, म्हणून गोळी चुकवायची नाही आणि अन्न चालत नाही, म्हणून घास घ्यायचा नाही. गोळी मात्र रिकाम्या पोटीही रक्तातली साखर उतरवत राहते.

टपरीवाल्या मावशींकडून मी वाटीभर साखर घेतली, पाण्यात ढवळली आणि पेला त्यांच्यापुढे धरला. अण्णांनी तोंड फिरवलं. हेही औषधच आहे, असं मी म्हणून बघितलं.

"देवापुढं वकिली नको करू," ते म्हणाले. "पोरीचा नववा चालू हाय. आजच मोडू?"

यावर माझ्याजवळ शास्त्र नव्हतं. वेळही नव्हता. ते शुद्धीवर होते, गिळू शकत होते, तोवरच पाजता येणार होतं. शुद्ध हरपली की तोंडात काही घालायचं नसतं. पलीकडून मावशी म्हणाल्या, "भांडा मग निवांत. आधी पिऊन घ्या."

"मोडू नका," मी म्हणालो. "मला द्या. आत्तापासून चंद्र दिसेपर्यंत तुमचा उपवास मी धरतो. सुनीता माझीही लेकच आहे."

"तू तर खिचडी हाणलीस."

"गणपती तेवढं समजून घेईल."

 अण्णा पेला दोन्ही हातांनी धरून प्यायले. थोडा वेळ बसलो, पुन्हा अर्धा पेला दिला. घाम ओसरला, बोलणं सरळ झालं. मग मावशींनी दिलेली नागलीची भाकरी आणि उडदाचं वरण त्यांनी मान खाली घालून खाल्लं. पैसे घ्यायला मावशी तयार नव्हत्या, म्हणून त्यांच्याकडची स्ट्रॉबेरी घेतली.

अण्णांना परत गाडी चालवू दिली नाही. त्यांची गाडी टपरीमागे लावली आणि माझ्या गाडीवर मागे बसवून त्यांना सुरगाण्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं, उतरलेली शुगर पुन्हा वर आली होती. गोळी आणि उपवास यांबद्दल आपल्या डॉक्टरांना विचारा, असं तिथे बजावून सांगितलं. हातगड राहिला. अण्णांना मागे बसवूनच वणीमार्गे ओझरला सोडायला निघालो. दिंडोरीच्या पुढे मला भूक लागली, पण त्या भुकेचा मला आधारच वाटत होता.

संध्याकाळी घरी आरती केली, मोदक ठेवले आणि गच्चीवर येरझाऱ्या घालू लागलो. ओझरहून फोन आला. मेव्हणीने अण्णांना सातलाच जेवायला बसवलं होतं, तरी ते गच्चीवर उभे होते. "उगवला बघ," ते म्हणाले. "जेव आता."

पेटीत आता ग्लुकोजची पुडी सगळ्यात वर असते. गोळीचं डॉक्टरांना विचारतो, असं अण्णा म्हणतात. ते विचारतील असं वाटत नाही, म्हणून मी सोबत जाणार आहे. त्या दिवशीचा उपवास पोचला की नाही, हे मला ठाऊक नाही. सुनीताचे दिवस भरत आलेत. फोन वाजला की हल्ली अण्णा ओझरला दचकतात आणि मी इथे.