खालून मारलेली हाक

"मम्मी, बाल्कनी हा शब्द मूळ इटलीचा. आधी त्याचा अर्थ तुळई असा होता, मग तुळयांची परांची," लेक मोबाईलमधून वाचत होती. परांची म्हणताच मला बांबूंना बांधलेल्या ओल्या काथ्याचा वास आला.

गोडादऱ्यातल्या या घरी येण्याच्या कितीतरी वर्षं आधी बाबा पांडेसऱ्यात एका इमारतीवर गवंडी होते. आई आणि मी दुपारी त्यांचा डबा घेऊन जायचो. परांचीवरच्या माणसाला खालून हाक मारायची नाही, तो आपणहून बघेपर्यंत थांबायचं, असा तिथल्या बायकांचा नियम होता. त्या दिवशी मला फार भूक लागली होती. बाबा चौथ्या मजल्यावरच्या बाल्कनीला बाहेरून गिलावा करत होते. मी ओरडले, "बाबा, डबा!"

ते वळले आणि त्यांचा पाय घसरला. दोन्ही हातांनी बाल्कनीची कड धरून ते लोंबकळत राहिले. आईने नुसता पदर पसरला, जणू तेवढ्यात ते मावणार होते. वरच्या माणसांनी त्यांना ओढून घेतलं. खाली आल्यावर बाबा मला एवढंच म्हणाले, "चल, जेवू."

त्यानंतर कितीतरी दिवस मला माझ्याच आवाजाची भीती वाटायची.

आता बाबांची खाट आमच्या बाल्कनीच्या दाराशी आहे. डॉक्टर म्हणतात, त्यांच्याशी बोलत राहा. मी दिवसभर हाका मारते. बाबा वळून बघत नाहीत.